एकेचाळिसावं शेलापागोटं : शाळा समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, शाळा समिती,
मा. मुख्याध्यापिका बाई,
आणि हे पत्र कुणी वर्गात मोठ्यानं वाचलंच, तर यंदाची दहावी,
वाई.

विषय : निरोप समारंभातली शेलापागोटी बंद करण्याबाबत.

स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी यंदा तुमच्या शाळेत दहावीत आहे. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली सूचना तिनं मला वाचायला दिली. फेब्रुवारीतल्या निरोप समारंभात यापुढे शेलापागोटी होणार नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाला रंगीत सन्मानपत्र मिळेल आणि त्यावर एक किताब छापलेला असेल. किताबांची यादीही सोबत होती. 'वर्गाचा तारा', 'हास्यसम्राट', 'आदर्श मित्र' असे एकूण बारा. तुकडीत मुलं अडुसष्ट. म्हणजे एकेक किताब पाच-सहा जणांनी वाटून घ्यायचा. पुतणी म्हणाली, "काका, मी 'वर्गाचा तारा' नंबर चार आहे."

या विषयावर बोलायचा माझा अधिकार एवढाच की मी १९८८ च्या मार्चमध्ये याच शाळेच्या दहावी क मधून बोर्डाला बसलो, आणि त्याआधीच्या फेब्रुवारीत आमच्या वर्गाची शेलापागोटी लिहिणाऱ्या पाच जणांच्या टोळीचा म्होरक्या मीच होतो. तेव्हा हे पत्र आरोपीचा जबाब म्हणून वाचलंत तरी चालेल.

समितीतल्या तरुण सदस्यांसाठी थोडं सांगतो. लग्नात मानकऱ्याला शेला आणि पागोटं देऊन त्याचा मान करतात. आम्ही द्यायचो तोही मानच, प्रत्येकाच्या नावानं थट्टेच्या दोन-चार ओळी वाचून, फक्त पागोटं जरा तिरकं बसवून. काही शाळांत यालाच फिशपाँड म्हणतात आणि डब्यातून चिठ्ठ्या उचलतात. आमच्याकडे डबा नव्हता, सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. मराठीच्या सरांनी ऑफिसातून तीन स्टेन्सिल मागून आणले होते. त्या मेणकागदावर टोकदार लेखणीनं कोरायचं. हात जरा जड पडला की कागद फाटायचा आणि 'ठ' च्या जागी शाईचा डाग उमटायचा. आमच्या अंकात एकही 'ठ' धड नव्हता.

बैठका सरांच्या घरी, गणपती आळीत, रविवारी. वेळ ठरलेली : 'रामायण संपल्यावर'. ते वर्षच तसं होतं. साडेनऊ ते दहा रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही, त्यामुळे दहाच्या आधी कुणी येणं शक्यच नव्हतं. सरांच्या घरी टीव्ही नव्हता. आम्ही पोचेपर्यंत ते ओसरीवर पंचांग चाळत बसलेले असत आणि पहिला प्रश्न विचारत, "काय, आज कोण मेलं?"

पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हाला नियम घालून दिले. उंची, रंग, दात, आवाज यांवर लिहायचं नाही. कुणाच्या घरावर, वडिलांच्या धंद्यावर, आडनावावर नाही. गुणांवर नाही. आणि मुलामुलींची नावं एकत्र गुंफायची नाहीत. "जोड्या लावा हा प्रश्न पेपरात येतो तेवढा पुरे." आमच्यापैकी एकानं विचारलं, "मग सर, उरलं काय?" सर म्हणाले, "सवयी उरल्या. माणूस सवयींतच राहतो. आणि लिहिलेलं वाचून बघताना त्याची आई पहिल्या रांगेत बसली आहे असं समजायचं."

तेव्हा आम्हाला वाटलं, म्हाताऱ्यानं हातपाय बांधून नदीत ढकललं. आमच्याकडची निम्मी सामग्री बाद झाली. एकाचा आवाज तेव्हा फुटत होता आणि प्रार्थनेत तो मध्येच बैलगाडीच्या चाकासारखा कुरकुरायचा. त्याच्यावरचे चार झकास चरण गेले. पण नियमाचा उपयोग काय असतो, ते मला पेनवाल्यानं शिकवलं.

हा पेनवाला तीन वर्षांत स्वतःचं पेन घेऊन शाळेत आल्याचं कुणाला आठवत नाही. त्याच्यावर मी लिहिलं होतं,

पेन माझं, पट्टी तुझी, कर्कटक त्याचं मागतो,
उत्तर तेवढं स्वतःचं लिहितो, तिथंच निकाल लागतो.

सर खो खो हसले. डोळे पुसले. मग लाल पेन्सिल घेऊन दुसरी ओळ खोडली. "चांगली आहे. पण ही गुणांवर गेली." मी हुज्जत घातली, नाक फुगवलं, तिन्हीसांजेपर्यंत मधल्या आळीच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसलो. आणि तिथं बसल्यावर पहिल्यांदा असं झालं की मी पेनवाल्याकडे मनातल्या मनात नीट पाहिलं. तो मागतो कसा? लाजून मागतो का? मुळीच नाही. त्याचा रुबाब काही औरच. सोमवारी नवी ओळ घेऊन गेलो :

पेन माझं, पट्टी तुझी, कर्कटक त्याचं मागतो,
वर म्हणतो, 'वापरा जपून!' असा मालकासारखा वागतो.

समारंभात ही वाचली तेव्हा सर्वांत मोठ्यानं पेनवाला हसला. उठून उभा राहिला आणि शेजाऱ्याचा रुमाल मागून घेऊन कपाळ पुसलं. आधीची ओळ वाचली असती तरी हसलाच असता म्हणा. आम्ही सगळेच हसायचो, कशालाही. पण घरी जाऊन कसा बसला असता, कोण जाणे. जानेवारीच्या पूर्वपरीक्षेत त्याचं खरंच कठीण झालं होतं.

आता बाकीचे. नावं लिहीत नाही. निम्मे जण आजी-आजोबा व्हायच्या वाटेवर आहेत, त्यांची अब्रू राखायला हवी.

एक होता विश्वकोश. हे टोपणनाव वाईतच पडू शकतं. विश्वकोशाचं कार्यालय आपल्या गावात, प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच, पहिला खंड १९७६ साली निघाला आणि आम्ही दहावीला पोचलो तरी पुढचे खंड निघतच होते. आमचा विश्वकोशही तसाच, खंडाखंडानं बोलणारा. साधं 'हो' म्हणायला त्याला प्रस्तावना लागायची.

एकदा याला विचारलं, 'किती रे वाजले?'
सांगत बसला, घड्याळ कुठल्या देशात निपजले.
'बाकीचं पुढल्या खंडात,' असं म्हणाला,
तोवर शाळा सुटून शिपाई घरी गेला.

यावर विश्वकोशानं उभं राहून दुरुस्ती सुचवली की घड्याळ 'निपजत' नाही. सभागृह पाच मिनिटं थांबलं नाही.

बावधनचा एक गडी होता. बावधनचं बगाड तुम्हाला सांगायला नको. रंगपंचमीला लाकडी गाड्यावर उंच शीड उभं राहतं आणि बैलजोड्या ते ओढतात. हा त्या बगाडाच्या तयारीत पौषापासूनच गुंतलेला असायचा असा त्याचा दावा. त्यामुळे शाळेत रोज उशीर, आणि कारण मात्र रोज एकच, एसटी.

बावधनची गाडी रोज बंद पडते, मग असं कसं होतं?
बहीण पहिल्या घंटेला, अन् हे ध्यान दुसऱ्या तासाला येतं!

बहीण नववीत होती. खुर्च्या मांडायच्या कामाला आलेली होती. तिनं असा काही हशा केला की तिच्या हातातली खुर्ची पडली. हाच गडी पुढं एसटीत वाहक झाला. आता गाडीला उशीर झाला की प्रवासी त्याला बोलतात, आणि तो म्हणतो, "मला हे सगळं पाठ आहे."

एक मुलगी आमची आकाशवाणी. दिवाळीच्या सुट्टीत, ३१ ऑक्टोबरला, नागपुरात गावसकरनं न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकलं आणि त्याच सामन्यात चेतन शर्मानं हॅटट्रिक घेतली, ही बातमी आम्हा घाटावर बसलेल्या पोरांना तिनं आळीच्या टोकावरून ओरडून सांगितली होती. एरवी मुली आमच्याशी बोलत नसत. पाच दिवसांनी वानखेडेवर इंग्लंडनं आपल्याला उपांत्य फेरीत हरवलं, तेही तिनंच सांगितलं आणि चार पोरांनी तिला त्याबद्दल आजवर माफ केलेलं नाही. तिच्यावर मी लिहिलं नाही, तिच्या मैत्रिणीनं लिहिलं, आणि माझ्यापेक्षा सरस लिहिलं :

कानाशी लागून म्हणते, 'तुझ्यापाशीच ठेव बरं!'
मधल्या सुट्टीत पाचवीतली पोरं विचारतात, 'ताई, खरं?'

पहिला नंबर काढणारी एक असतेच. प्रत्येक पेपरनंतर ही बाहेर येऊन व्हरांड्यातल्या खांबाला धरून रडायची. गुणांवर लिहायचं नाही म्हणून हिचं राहणार होतं, पण सरांनी निकाल दिला : रडणं चालेल.

'गेला गं बाई, पेपर गेला!' म्हणत डोळे पुसते,
निकालाच्या दिवशी मात्र गालातल्या गालात हसते.

आणि दोघी होत्या, पाचवीपासून एका बाकावर. दर सोमवारी कट्टी. कट्टीच्या दिवशी बाकावर खडूनं रेघ मारायच्या आणि कोपर रेघेवर आलं की बाईंकडे तक्रार. दोघींना मिळून एकच दिलं :

सोमवारी कट्टी, मंगळवारी बट्टी, बुधवारी परत भांडतात,
डबा मात्र दोघीत एकच, तो रोज मधोमध मांडतात.

हे वाचलं तेव्हा त्या दोघी बोलत नव्हत्या. उठायचं कुणी, असा पेच पडला. मग एकमेकींकडे न बघता दोघी एकदम उठल्या.

अशी सगळी नाही लिहिता येणार. काही फसलेलीही होती. क्रिकेटवेड्यावर आम्ही बारा ओळी लिहिल्या आणि बाराही वाईट होत्या.

मंडळी, त्या काळी वर्ग एक होता पण मधून भिंत असल्यासारखा. डावीकडे मुली, उजवीकडे मुलगे. आठवी ते दहावी तीन वर्षांत माझ्या वर्गातल्या अठरा मुलींपैकी किती जणींशी मी पूर्ण वाक्य बोललो, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. 'वही देतेस का' हे वाक्यसुद्धा तिसऱ्या माणसामार्फत जायचं. त्या मुलांनी या मुलींना, आणि या मुलींनी त्या मुलांना, इतकी वर्षं चोरून का होईना बघितलं होतं, हे उघड म्हणायची मुभा वर्षातून एकाच संध्याकाळी होती. ज्या शाळेच्या अंगणात हादगा घालून पाचवीतल्या मुली सासरच्या सगळ्या गोतावळ्याची यथेच्छ टवाळी करतात, त्या शाळेला थट्टेचं वावडं असावं, हे मला अजून पटत नाही.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. तुमच्या सूचनेत म्हटलंय की मुलांच्या मनाला लागतं. लागतं. मी लावलंय. पण ते ज्या प्रकारे लागलं, तो प्रकार तुमच्या सूचनेत नाही.

वर्गात आम्ही एकेचाळीस. दोघींचं मिळून एक, म्हणजे चाळीस शेलापागोटी व्हायला हवी होती. शेवटच्या रविवारी सरांनी विचारलं, "भरली का चाळीस?" चिठ्ठ्या तारेत ओवलेल्या होत्या. मी मोजल्या. चाळीस भरल्या. सरांनी स्टेन्सिल कोरायला सांगितले. त्या चाळिसात पेनवाल्याच्या दोन होत्या, खोडलेली आणि नवी. खोडलेली मी जिवापाड जपली होती ना.

समारंभाच्या दिवशी कृष्णाबाईचा उत्सव चालू होता. मांडवातल्या खुर्च्या उसन्या आणल्या होत्या. मुली साड्या नेसून आल्या होत्या, बहुतेकींच्या आईच्या, त्यामुळे चालताना सगळ्या जणी पुढं बघायच्या सोडून पायाकडे बघत होत्या. रीत अशी होती की ज्याचं शेलापागोटं वाचलं जाई त्यानं उठून उभं राहायचं, पुढं येऊन सरांच्या हातून गुलाब घ्यायचा आणि परत जाऊन बसायचं. मी वाचत होतो. माझा आवाज तेव्हा बरा होता आणि मला तो फारच बरा वाटत होता.

संपलं. टाळ्या झाल्या. चहा-चिवड्याला सगळे उठले. मी कागद आवरत होतो तेव्हा एक मुलगी टेबलासमोर येऊन उभी राहिली. मुलींच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला बसायची. तिनं निऱ्या अजून डाव्या हातात धरलेल्या होत्या, उठायला सोपं जावं म्हणून आधीपासूनच धरून ठेवतात तशा. म्हणाली, "माझं राहिलं."

तीन वर्षांत ती माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

मी घाबरलो. यादी काढली, बोट फिरवलं, खरंच नव्हतं. आमच्या पाचांतल्या प्रत्येकाला वाटलं होतं की तिच्यावर दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असेल. "थांब हं," म्हणालो आणि एका कागदाच्या पाठीवर तिथल्या तिथं चार ओळी खरडल्या. शांत, सुशील, गुणी, वर्गाची शान, असलं काहीतरी. यमकं चोख होती. तिनं कागद वाचला, नीट घडी घातली आणि टेबलावर परत ठेवला.

"हे प्रगतिपुस्तकात असतंच," ती म्हणाली.

आणि गेली. सरांकडे एक गुलाब उरलेला होता. सरांना हिशेब कळला असणार, कारण त्यानंतर ते माझ्याशी चहा होईपर्यंत बोलले नाहीत.

अध्यक्षमहोदय, तुमच्या बारा किताबांची यादी वाचली तेव्हा मला तो घडी घातलेला कागद आठवला. 'आदर्श मित्र' हे प्रगतिपुस्तकात असतंच.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमात मुलांना शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रास द्यायलाही मनाई आहे, आणि ते कलम यायला हवंच होतं; आमच्या काळात काही शिक्षक जे बोलायचे ते आज ऐकवणार नाही. शिवाय मोबाइल. आमचा हशा सभागृहाच्या कौलांपर्यंत जायचा आणि तिथंच विरायचा. आता कुणीतरी चित्रण करतं, रात्री ते मामाच्या गावातल्या मामेभावापर्यंत पोचतं आणि पोरीला वर्षभर पुरतं. पुतणीच्या वरच्या वर्गात दोन वर्षांपूर्वी काय झालं तेही तिनं सांगितलं. एका मुलाच्या वजनावर लिहिलं होतं, तिघांनी चित्रण केलं, आणि वाचण्याआधी ते एकाही शिक्षकानं बघितलेलं नव्हतं. आमच्या सरांनी त्यातली एक ओळही पुढं जाऊ दिली नसती. तेव्हा बंद काय करायचं असेल तर ते बिनवाचलेलं वाचणं बंद करा, सभागृहात मोबाइल बंद करा.

२०१८ साली, तीस वर्षांनी, आमचा वर्ग मेणवलीजवळ एका मळ्यात जमला. एकेचाळिसांतले एकोणतीस आलो. दोन आता नाहीत, सरही नाहीत. पेनवाल्यानं वर्गणीची पावती लिहायला माझं पेन मागून घेतलं. कट्टीवाल्या दोघी एकाच गाडीतून आल्या आणि उतरल्यावर बोलत नव्हत्या.

तीही आली होती. न्यायालयात लघुलेखिका आहे. दिवसभर दुसरे काय बोलतात ते टिपायचं काम. जेवणानंतर झाडाखाली बसलो असताना तिनं एकेकाचं सांगायला सुरुवात केली. ठणाणा नाही, हळू आवाजात, वहीतलं वाचून दाखवल्यासारखं. विश्वकोशाला उत्तर येत नसलं की तो आधी पंख्याकडे बघायचा, पंखा बंद असला तरी. पेनवाला उसनं घेतलेलं पेन परत देताना आधी शर्टाला पुसायचा. त्या दोघींपैकी एक कट्टीच्या दिवशीसुद्धा डब्यातली शेवटची लोणच्याची फोड दुसरीसाठी ठेवायची, फक्त तोंड फिरवून. आम्ही गप्प. तीन वर्षं भिंतीकडेला बसून ही हे सगळं बघत होती, आणि आम्ही पाच शहाणे गावभर सामग्री शोधत हिंडत होतो.

मी विचारलं, "आणि मी?"

"तू जानेवारीत चौदा वेळा पाणी प्यायला गेलास," ती म्हणाली. "बहुतेक सगळ्या भूमितीच्या तासाला. वरच्या टाकीला पाणी नव्हतं त्या आठवड्यातसुद्धा."

एकोणतीस माणसं हसली. मीही हसलो, आणि गंमत म्हणजे त्या रात्री मला झोप फार छान लागली. कुणीतरी मोजलं होतं.

तेव्हा माझी मागणी अशी. शेलापागोटी ठेवा, पण लिहिणारी टोळी नको. टोळी म्हणजे माझ्यासारखे, ज्यांचा आवाज आधीच मोठा आहे. आत्ता जानेवारीच आहे. अडुसष्ट नावांच्या चिठ्ठ्या करा आणि अडुसष्ट जणांनी एकेक उचलावी. कुणाचं नाव आलं ते कुणी सांगायचं नाही. महिनाभर त्या एका माणसाकडे बघायचं, बस. वर्गात, मैदानात, एसटी थांब्यावर. महिन्यानं दोन ओळी. यमक जमलं नाही तरी चालेल. माझ्या अनुभवानं सांगतो, यमक फार चोख असलं की संशय घ्यावा. मग त्या अडुसष्ट चिठ्ठ्या एखाद्या बाईंनी वा सरांनी लाल पेन्सिल घेऊन, पहिल्या रांगेतल्या आईला आठवून वाचाव्यात. आणि मोजाव्यात. दोनदा मोजाव्यात, तारेतून काढून, नावं वाचून. खोडलेल्या चिठ्ठ्या तिथंच फाडाव्यात, कितीही आवडल्या असल्या तरी.

सन्मानपत्रं छापून झाली असतील तर ती वाया जायचं कारण नाही. पाठीमागची बाजू कोरी आहे, असं पुतणी सांगते.

मुलांना हे कसं करायचं ते सांगायला कुणी हवं असेल तर मी येतो. दोन तास द्या. मानधन नको, चिवडा चालेल. तिलाही विचारलंय, न्यायालयाला सुट्टी असेल त्या शनिवारी येते म्हणाली. सरांचे नियम मी सांगेन, बघायचं कसं ते ती सांगेल.

राहता राहिलं एकेचाळिसावं. ते मी आता लिहिलंय. दोन ओळींचंच आहे, तीन वेळा खोडलं. ते या पत्रात देत नाही, कारण आधी तिला उठून उभं राहता यायला हवं, आणि एक गुलाबही आणायचा आहे. त्या शनिवारी सभागृह उघडून ठेवलंत तर बरं होईल.

आणि टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवायला शिपाईमामांना तेवढं सांगा, म्हणजे मला मध्येच उठावं लागणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक माजी विद्यार्थी,
दहावी क, १९८७-८८